टाचेवरचं कुंकू

ऑगस्ट संपत आला की इथल्या काचा बाहेरून ओल्या होतात. आत एसी आणि बाहेर समुद्रावरून आलेली दमट हवा. सकाळी पडदा सरकवला तर समोरची इमारतसुद्धा दिसत नाही. दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये मी लेकीकडे राहते. सकाळी बाल्कनीचं दार उघडलं की चष्म्यावर वाफ चढते आणि मी तशीच चाचपडत उभी राहते. आतून मुक्ता ओरडते, "आई, क्लोज द डोअर, एसी इज ऑन!" मी दार लावते, ओढणीने चष्मा पुसते आणि मनात म्हणते, आला बर्फाचा सीझन.

हसू नका. आमच्या घरात बर्फाचा सीझन खरोखरच ऑगस्टअखेर सुरू व्हायचा आणि दिवाळीच्या आसपास संपायचा. त्यातला बर्फ मात्र आमच्यापैकी कुणी पाहिलेला नव्हता, फ्रीजमधला सोडून.

श्रीधर म्हणजे माझे यजमान. तोंडावर मी त्यांना कधी नावाने हाक मारली नाही, 'अहो'वर सगळा संसार काढला. आता लिहिताना नाव घेते. रागवायला ते नाहीत, आणि असते तरी रागावले नसते. उखाण्याशिवाय नाव घेतलंस म्हणून चिडवलं असतं, एवढंच. ते पिंपरीच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. माल आला की तो हातात घेऊन उलटा-सुलटा करून बघायचा आणि पसंत नसेल तर बाजूला ठेवायचा, हे त्यांचं काम, आणि हाच त्यांचा स्वभाव. भाजीवाल्याच्या डोळ्यांत त्यांच्याइतकं कुणी खुपत नसेल. नव्वदीच्या सुरुवातीला एका ट्रेडिंग कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही शारजाला आलो. कंपनी खेळाच्या सामानाची. ऑफिस दुबईत, देऱ्याला. गोडाऊन शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात. वर्षभर बॅटी, बॅडमिंटनची फुलं, फुटबॉल. ऑगस्ट सरत आला की युरोपातून कंटेनर यायचा आणि त्यातून निघायच्या बर्फावरून घसरायच्या लांबलचक स्की, जड बूट आणि बाइंडिंगची खोकी.

इथे ते सामान कोण घेणार? ते खाडीवरच्या लाकडी लाँचांमध्ये चढून इराणला जायचं आणि तिथून ट्रकने डोंगरांत. डोंगरात बर्फ पडायच्या आत पोचायला हवं, म्हणून वाळवंटात भर उकाड्यात त्याची धावपळ. गोडाऊनच्या पत्र्याखाली स्की उभ्या करून ठेवलेल्या असायच्या आणि त्यांच्यामधून घामाने निथळणारी माणसं हिंडत असायची. मला ते दृश्य पहिल्यांदा पाहिल्यावर हसू आवरेना.

चढावर स्की मागे घसरू नये म्हणून तिच्या तळाला एक केसाळ पट्टी चिकटवतात. तिचा गोंद शारजाच्या उन्हात वितळायचा आणि खोक्याला, हाताला, शर्टाला लागायचा. मग श्रीधर त्या पट्ट्या घरी घेऊन यायचे आणि आमच्या फ्रीजमध्ये ठेवायचे. कोथिंबिरीची जुडी, दह्याचं पातेलं आणि शेजारी गुंडाळी करून ठेवलेल्या त्या केसाळ पट्ट्या. शेजारणीने एकदा दार उघडून पाहिलं आणि हळूच विचारलं, "वहिनी, हे काय खाता तुम्ही?" तेव्हापासून आमच्याकडचं दही तिने मागितलं नाही.

बाइंडिंग म्हणजे बूट आणि स्की यांना एकत्र धरणारी खिट्टी. हे मला श्रीधरनी जेवणाच्या टेबलावर शिकवलं, माझी सपात आणि पोळपाट घेऊन. (पोळपाट नंतर मी दोनदा घासला.) नुसतं उतारावरून घसरणाऱ्यांची बाइंडिंग चवडा आणि टाच दोन्ही घट्ट धरते. पण काही वेडी माणसं असतात. त्यांना तारेवरच्या पाळण्यात बसून वर जायचं नसतं. ती स्वतःच्या पायांनी, जिथे रस्ताच नाही असा डोंगर चढतात आणि मग उतरतात. त्यांची बाइंडिंग निराळी. चढताना चवडा धरायचा आणि टाच मोकळी सोडायची, म्हणजे पाऊल उचलता येतं. माथ्यावर पोचलं की टाच आत दाबायची आणि ती बांधली जाते. आणि पडलं, तर दोन्हींनी सुटलं पाहिजे, नाहीतर पाय मोडतो.

"धरून काय, खिळासुद्धा ठेवतो," श्रीधर म्हणाले. "वेळेवर सोडणं, ही खरी करामत. मी तेवढंच तपासतो."

अशा वेड्या माणसांतलं एक आमच्या घरी यायचं. बहराम आगा. तेहरानच्या उत्तरेला डोंगरात त्यांची छोटी संस्था होती. हिवाळ्यात ते लोकांना बर्फातून घेऊन जायचे. दर सप्टेंबरला माल बघायला स्वतः यायचे. देऱ्याच्या बाजारात शिकलेलं त्यांचं हिंदी आमच्या मुंबई-पुण्याच्या हिंदीपेक्षा बरं होतं. उन्हाने रापलेला चेहरा आणि डोळ्यांभोवती चष्म्याच्या आकाराची गोरी कातडी. खुर्चीवर कधी बसायचे नाहीत. खाली मांडी घालून वरणभात खायचे, वर लिंबू पिळून, आणि मला बहन म्हणायचे. एकदा मुक्ताने त्यांना विचारलं, "अंकल, व्हॉट डझ स्नो साउंड लाइक?" त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "बेटा, उसमें आवाज नहीं होता. बाकी सब का आवाज भी वो खा जाता है."

दरवर्षी निघताना ते श्रीधरना म्हणायचे, "साहब, इस साल आओ. अपना काम पहाड़ पे देखो." आणि श्रीधर म्हणायचे, "इन्शाल्ला, अगले साल." अगले साल मुक्ताची परीक्षा असायची, नाहीतर पुण्यात कुणाचं लग्न, नाहीतर रजाच मिळायची नाही. आपल्या लोकांना गल्फमध्ये येऊन पहिला अरबी शब्द कुठला येत असेल तर तो इन्शाल्ला.

कुंकवाचं आता सांगते.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. घरात हत्यार म्हणजे विळी, कात्री आणि मुक्ताची कंपासपेटी. गोडाऊनमध्ये श्रीधर स्क्रूड्रायव्हर, ड्रिल आणि त्यांचं ते दाब मोजायचं गेज एका स्टुलावर मांडायचे. झेंडू दुबईच्या देवळाजवळच्या दुकानातून यायचा. दुसऱ्या वर्षी की तिसऱ्या, त्या दिवशी लाँचवर चढायची खोकी उघडीच पडली होती. श्रीधरनी करंडा घेतला आणि एकेका बाइंडिंगला, टाचेच्या स्क्रूशेजारी, कुंकवाचं बोट लावत गेले. मी तिथेच होते. म्हटलं, "अहो, पायात घालायच्या वस्तूला कुंकू?"

"अगं, माणूस आपला पाय हिच्या हवाली करतो," ते म्हणाले. "हिला नाही लावायचं तर कुणाला?"

स्क्रूच्या ग्रीसमध्ये ते कुंकू असं बसलं की पुसायचं म्हटलं तरी निघालं नसतं. माल गेला. आम्ही विसरलो.

पुढच्या सप्टेंबरला बहराम आगा गोडाऊनमध्ये आले, नवीन खोकं उघडलं, बाइंडिंग हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, आणि म्हणाले, "लाल किधर है?" कुणालाच कळेना. मग त्यांनी समजावलं. मागच्या वर्षी लाल ठिपकेवाला माल आला, तो हिवाळाभर एकदाही अडला नाही, सगळे पाय वेळेवर सुटले. तेव्हापासून त्यांच्या डोंगरात सगळ्यांना ठाऊक होतं की लाल ठिपका म्हणजे हिंदुस्तानी इंजिनियरने स्वतः तपासल्याची खूण. बिनठिपक्याचा माल ते घेणार नव्हते.

श्रीधर घरी येऊन पोट धरधरून हसले. मग म्हणाले, "त्यांना खरं सांगायला हवं."

"मग सांगा की."

"पण त्यांचं चुकलं तरी कुठे? तो माल मी तपासलेलाच होता."

तेव्हापासून एक छोटा करंडा कायमचा गोडाऊनमध्ये गेला. तपासून मनाला पटली तरच बाइंडिंगला कुंकू. नाही पटली तर कोरी, बाजूला. परमुलखातल्या माणसांच्या गैरसमजाला श्रीधरनी असं खरं करून टाकलं. मला त्यांचं कौतुक वाटायचं, ते मी कधी बोलून दाखवलं नाही. आमच्यात तशी पद्धत नव्हती, आणि आता त्या पद्धतीचा राग येतो.

ज्या सीझनची आठवण माझा पिच्छा सोडत नाही, तो नव्या बाइंडिंगचा सीझन. तोवर चढाईची बाइंडिंग म्हणजे बुटाखाली एक अख्खी पट्टी असायची. टाच उचलली की पट्टी उचलायची. माणूस डोंगरभर ते लोखंड प्रत्येक पावलागणिक वर-खाली करायचा. त्या ऑगस्टमध्ये नमुन्याचं एक लहानसं खोकं आलं. श्रीधरनी ते घरी आणून माझ्यासमोर उघडलं. पट्टीच नाही! पुढे अडकित्त्यासारखे दोन दांडे, त्यांच्या टोकांना एकेक खुंटी. बुटाच्या नाकाला दोन्ही बाजूंनी खड्डे. पाऊल टेकलं की अडकित्ता मिटतो आणि खुंट्या खड्ड्यांत बसतात. मागे टाचेसाठी मुठीएवढा एक तुकडा, त्यालाही पुढे आलेले दोन दात. तो फिरवला की टाच मोकळी, परत फिरवला की बांधलेली. चढ खडा असेल तर टाचेखाली घ्यायला वर एक छोटी पायरीसुद्धा.

"एवढंच?" मी म्हटलं.

"एवढंच," ते म्हणाले, आणि हातावर तोलत राहिले. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. मुक्ता जन्मली तेव्हा तिला पहिल्यांदा घेताना असाच झाला होता. "हलकी आहे, छान आहे. पण इतक्या हलक्या वस्तूवर विश्वास टाकायचा तर दुप्पट तपासायला हवी. वर हाडं गोठतात, तिथे हिचं ग्रीस घट्ट होणार. इथे चाळीसच्या वर उन्हात सुटते म्हणून तिथे सुटेल कशावरून?"

आणि त्यांनी बर्फ तयार केला. एक बकाला, म्हणजे इथलं किराण्याचं दुकान, बंद होत होता, त्याचा आइस्क्रीमचा फ्रीजर त्यांनी गोडाऊनमध्ये आणून ठेवला. बाहेर कोनाची रंगीत चित्रं, आत बाइंडिंग. गुरुवारी ठेवायच्या, शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी काढून तपासायच्या. एक माणूस बूट पिळणार, दुसरा फळी धरणार. दुसरी व्यक्ती म्हणजे मी, कारण शुक्रवारी फुकट येणारं आणखी कोण होतं?

ते शुक्रवार मला संसारातल्या कुठल्याही सहलीपेक्षा जास्त आठवतात. रिकाम्या इंडस्ट्रियल एरियात दूरवरच्या मशिदीतून येणारा आवाज. पत्र्यावरचं ऊन. फ्रीजरचं झाकण उघडलं की गार वाफ अंगावर यायची आणि आम्ही दोघं तोंड आत घालून क्षणभर उभे राहायचो. श्रीधर म्हणायचे, "चल, इराणला जाऊन आलो." मग फळीवर बाइंडिंग, तिच्यात बूट, बुटाला दांडा. त्यांनी मला शिकवलं. "गेजकडे नंतर बघ. आधी हाताने ऐक. ती आधी थोडी कुरकुरते, मग ठाम होते, आणि मग सोडते. ठाम होण्याच्या आधी सोडली तर वाईट, आणि ठाम होऊन बसली तर त्याहून वाईट." टक्. तो आवाज बरोबर आला की त्यांच्या भुवया वर जायच्या. मी डबा उघडायचे. थालीपीठ आणि लोणी, लोण्याचं एव्हाना तूप झालेलं.

नमुने सगळे पास झाले. बहराम आगांनी फोनवरच मोठी ऑर्डर दिली. त्या हिवाळ्यात त्यांना त्यांच्या लोकांना घेऊन एक लांबची खिंड ओलांडायची होती, या हलक्या सामानामुळेच ते शक्य होणार होतं. मुख्य माल बंदरात अडकून पडला होता. श्रीधर त्याच्या वाटेवर डोळे लावून बसले होते.

तो यायच्या आधीच, एका शुक्रवारी ते आमटीभात जेवले, म्हणाले, "जरा पडतो, चारला उठव." चारला मी चहा टाकला आणि हाक मारली. पुन्हा हाक मारली. आधण उकळून उकळून आटलं.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच, काही कळलंही नसेल. सगळे म्हणाले, पुण्यवान माणूस. मला कुणाचंच पटलं नाही. मला माझा माणूस चारला उठून हवा होता.

दिवसपाणी झाले. माझा व्हिसा माझ्या शाळेच्या नोकरीचा, त्यामुळे मुक्ताची दहावी होईपर्यंत शारजातच राहायचं ठरलं. नवरात्र बसलं. आमच्याकडे त्या वर्षी सण नव्हता. बिल्डिंगमधल्या आपल्या बायकांचं हळदीकुंकू झालं, त्यांनी मला बोलावलं नाही. त्यांचा दोष नाही. बोलावलं तरी मला वाईट वाटणार, न बोलावलं तरी वाटणार, त्यातलं त्यांनी सोपं निवडलं. जिन्यातून अत्तराचा वास वर येत होता आणि मी दार लावून वह्या तपासत बसले होते. कपाळ मोकळं ठेव असं मला कुणी सांगितलं नव्हतं. हातच जात नव्हता.

त्याच आठवड्यात विल्सन लोपीस आला. हा वसईचा, कंपनीचं शिपिंग बघायचा, श्रीधरना भावासारखा. सोफ्याच्या कडेवर बसला आणि पाण्याचा ग्लास हातात फिरवत राहिला.

"वहिनी, माल आलाय. आगाचा. दसऱ्यानंतरच्या लाँचवर लोड करायचाय."

"मग करा."

"तो फोनवर विचारतो, लाल लावला का? आपल्या शेठनी त्याला साहेब गेल्याचं कळवलेलं नाही. म्हणतात, सीझन खलास होईपर्यंत गप्प राहा, नाहीतर पार्टी ऑर्डर कॅन्सल करेल. मला म्हणाले, लाल मार्करने ठिपके मार. पण वहिनी, तो आगा दहा वर्षं ते ठिपके बघतोय, तो ओळखणार." त्याने मान खाली घातली. "ते कुंकू तुमच्या हातचं असेल तर... नुसतं बोट लावायचंय."

माझ्या अंगाची आग झाली. मी काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. विल्सनने ऐकून घेतलं, "सॉरी वहिनी" म्हणाला आणि चपला घालून गेला. नवरा जाऊन महिना झाला नाही, आणि हे लोक माझ्याकडे कुंकू मागायला आले, एवढंच मला तेव्हा दिसत होतं.

मुक्ता आतून सगळं ऐकत होती. बाहेर आली आणि म्हणाली, "बट आई, बाबा यूज्ड टु चेक देम, राइट? हू चेक्ड दीज?"

कुणीच नाही. मी बोट लावलं नाही, तर शेठ दुसऱ्या कुणाकडून लावून घेणार होते. लाल रंगाला काय तोटा? आणि मग त्या खिंडीत कुणीतरी तो ठिपका बघून आपला पाय निर्धास्तपणे हवाली करणार होता. ज्याने तपासायचं तो माणूस या जगात नाही, आणि त्याच्या नावाची खूण तिथे खोटं बोलणार. श्रीधरनी खरा करून ठेवलेला तो ठिपका त्यांच्यामागे खोटा पडणार, या विचाराने मला जेवण जाईना.

मी विल्सनला फोन लावला. "गुरुवारी सगळा माल फ्रीजरमध्ये टाक. बसेल तेवढा. उरलेला पुढच्या गुरुवारी."

"तुम्ही याल?"

"येते. आणि फळी धरायला तू थांब."

विल्सन चर्चमधली शुक्रवारची मिस्सा चुकवून आला होता. गोडाऊनमध्ये स्टूल जिथल्या तिथे होतं, श्रीधरचा चुरगळलेला रुमाल खुंटीवर तसाच. मी फ्रीजरचं झाकण उघडलं. गार वाफ तोंडावर आली आणि मला पहिल्यांदा मोठ्याने रडू आलं. घरी आलं नव्हतं, स्मशानात आलं नव्हतं, ते आइस्क्रीमच्या फ्रीजरमध्ये तोंड घालून आलं. विल्सन बाहेर जाऊन उभा राहिला. भला माणूस.

मग मी दांडा हातात घेतला. सुरुवातीला हात ऐकेना. कुरकुर कुठली आणि ठामपणा कुठला, काही समजेना. गेज बघायचे, पुन्हा पिळायचे. हळूहळू हाताला आठवलं. टक्. पुढची. टक्. एक मात्र सुटेना. ती घट्ट धरून बसली, मी दात-ओठ खाऊन पिळलं तरी सोडेना. मी ती काढून बाजूला ठेवली, अगदी तशीच त्यांनी ठेवली असती. दुपार कलली तोवर आणखी एक तशीच निघाली. बाकीच्या सगळ्या नीट होत्या.

विल्सनने करंडा पुढे केला. त्याने तो रुमालात गुंडाळून, वेगळा, कपाटात वर ठेवला होता.

"आधी आगांना फोन लाव," मी म्हटलं.

"वहिनी, शेठ मला कामावरून काढतील."

"काढलं तर मी बघते. लाव."

त्याने क्रूसाची खूण केली आणि नंबर फिरवला. पलीकडे खरखर, कुणीतरी फारसीत बोलत होतं, मग बहराम आगांचा आवाज. "साहब! लाल लगाया?"

"मैं बोल रही हूँ, भाईसाहब. साहब नहीं रहे."

त्यांनी विचारलं, कधी. मी सांगितलं, कुछ हफ्ते पहले, जुम्मे को, खाना खाके सोये, उठे नहीं. ते काहीतरी हळूच पुटपुटले, ते मला समजलं नाही आणि समजलंही. मग म्हणाले, "मुझे किसी ने बोला नहीं. तो ये माल किसने देखा?"

"मैंने. फ्रीजर में रख के, एक-एक. बाकी अगले जुम्मे को देखूँगी. दो खराब हैं, वो अलग रखे हैं. लाल अभी किसी पे नहीं लगाया. आप से पूछे बिना नहीं लगाऊँगी."

विल्सन नखं खात होता.

"आप ने हाथ से देखा?"

"हाथ से."

"तो लगाइए, बहन," ते म्हणाले. "आपका हाथ चलेगा."

ज्या आठवड्यात माझ्या स्वतःच्या माणसांना माझ्या हाताचं काय करावं ते कळत नव्हतं, त्या आठवड्यात कधी न पाहिलेल्या डोंगरातून हे उत्तर आलं. ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात त्यांनी ती खिंड ओलांडली. फोन आला तेव्हा मी शाळेत होते. निरोप मुक्ताने लिहून ठेवला होता, सगळे पाय शाबूत. पुढचे काही सीझन, कंपनीने तो धंदा बंद करेपर्यंत, शुक्रवारी मी जात राहिले. बर्फ मी एकदाच पाहिला, तोही अलीकडे, इथल्या मॉलमध्ये, काचेच्या आतला. मुक्ता हौसेने घेऊन गेली होती. लोक घसरत होते आणि मी सगळ्यांच्या टाचांकडे बघत होते. एक बाई पडली, बूट अलगद सुटला, ती हसत उठली. काचेतून काही ऐकू आलं नाही, पण माझ्या हाताला ते टक् कळलं.

त्या पहिल्या शुक्रवारी, आगांचा फोन ठेवल्यावर, मी करंड्यात बोट बुडवलं. एकेक करत तपासलेल्या सगळ्यांना कुंकू लावलं, टाचेच्या स्क्रूशेजारी, जिथे ते लावायचे तिथे. त्या दोन कोऱ्या स्टुलावर तशाच पडून होत्या. शेवटची झाली तरी बोटावर थोडं उरलं होतं. पूजेनंतर उरलेलं बोटाचं कुंकू आपण कुठे लावतो ते आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. मी ते पुसायला रुमाल शोधला. खुंटीवर श्रीधरचाच होता. त्याला बोट पुसवेना.

मी बोट कपाळाला लावलं.

विल्सनने पाहिलं. करंडा बंद करून पुन्हा रुमालात गुंडाळला, कपाटात वर ठेवला, दिवे मालवले आणि म्हणाला, "चला वहिनी, मुक्ता वाट बघत असेल."